पाठमोरा

कातानियाच्या बंदरावर सिनेमावाले आले
तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
आमच्यासारखी माणसं हवी होती त्यांना.
दिवसाचे ऐंशी युरो, दुपारचं जेवण,
आणि पोहता येत नसेल तर उत्तम.

बाबा म्हणाले, एवढ्या अटीत मी सहज बसतो.
फ्रिज महिनाभर बंद पडला होता आमचा.

कपडेपटाची ओर्नेला, बोलायला गोड.
नवा कोरा शर्ट काढला तिनं,
कॉफीचा चोथा चोळून मळवला,
खांद्याच्या शिवणीवर नेमका फाडला,
दोन पावलं मागे सरून पाहिलं
आणि बोटभर आणखी फाडला.

बाबा हळूच म्हणाले, सिन्योरा,
त्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला होता.
इस्त्रीचा.
तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेला,
वाळवंटातून, लिबियाच्या कोठडीतून,
आणि किनारा दिसल्यावर बोटीतच बदललेला.
परक्याच्या दारात पहिल्यांदा उभं राहायचं
तर माणूस बरा दिसायला नको?

दिग्दर्शक भला माणूस.
त्यानं बाबांचा हात हातात घेतला,
त्याचे डोळेही भरून आले,
म्हणाला, खरं असेल हो,
पण कुणाला पटणार नाही.

मग पाण्यात उडी. सात वेळा.
एकदा बाबा फार शांत पडले म्हणे,
एकदा भीती छान जमली, पण ऊन गेलं.
ओरड, दिग्दर्शक म्हणाला, तुझ्या भाषेत,
काहीही ओरड, आम्ही बघून घेऊ.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला.
आईनं लग्नातली नेत्सेला अंगावर घेतली,
मेर्हावीला नवे बूट,
बाबांनी दोनदा दाढी केली.

एक तास दहा मिनिटं आम्ही कुणाकुणाचे चेहरे बघत बसलो.
मग समुद्र आला, काळा, कानठळ्या बसवणारा,
आणि आई कुजबुजली, ती बघ, मान.

चार सेकंद.
चेहरा नाही. मान, एक कान,
ओला खांदा, उसवलेली शिवण.
बाबा जीव खाऊन ओरडले
आणि खाली इटालियनमध्ये अक्षरं उमटली:
देवा, माझ्या लेकरांना तार!

बाबा ओरडले होते:
लेतेब्रहान, गॅस बारीक कर, कॉफी उतू चाललीय!

आधी आई फुटली.
नेत्सेलाचा पदर तोंडात कोंबला तिनं, तरी.
मग मेर्हावी, मग मी,
पोटात कळ येईपर्यंत.
सगळं थिएटर मुसमुसत होतं.
पुढच्या रांगेतली बाई मागे वळली,
आम्ही अंधारात जेवढे दिसलो तेवढे तिनं पाहिले,
ओले गाल, गदगदणारे खांदे,
आणि न बोलता कागदी रुमालांचं पाकीट
आईच्या मांडीवर ठेवलं.
आईनं ते पर्समध्ये टाकलं.
वाया कशाला घालवायचं.

शाळेत निबंध होता:
या सिनेमात तुला आपलं कोण वाटलं?
मी लिहिलं, कात्रीवाली बाई.
शिक्षिका म्हणाल्या, सेगेन, अशी बाई सिनेमात नाहीच.

नाहीच.
आता मी पुस्तकं लिहिते,
लोक येऊन माझा हात हातात घेतात,
आणि मला आठवतं
दोन पावलं मागे सरून बघणं.
बाबांच्या उड्या चारच होत्या, खरं सांगायचं तर.
सात जास्त पटतात.
फ्रिजही आठवडाभरच बंद होता.
शर्टाला मात्र मी हात लावलेला नाही.
तो कपाटात आहे, कुणालाच होत नाही,
आई वर्षातून एकदा काढते, इस्त्री करते, ठेवते.

त्या रात्री शेवटची बस चुकली.
आम्ही एत्नाच्या बाजूनं येणाऱ्या राखट वाऱ्यात चालत निघालो,
आई अजून मधूनच खुदखुदत होती.
बाबा चार पावलं पुढे.
दिव्याच्या खांबाखाली थांबले
आणि वळून न बघताच म्हणाले,
एक विचारू?
माझी मान खरंच एवढी बारीक आहे?