दोन बोटं कमी

बेलार्मिनो चिग्वाय कागदावर काही काढत नाही.
मी होडी सांगायला गेले तेव्हा
(दोन मेंढ्या, नऊ पोती बटाटे,
बाकी पैसे शेवाळ विकून, जमेल तसे)
त्यानं लांबी विचारली नाही.
विचारलं, "काय काय वाहणार?"

शेवाळ, म्हटलं. सरपण.
आणि महिन्यातून एकदा आई, पलीकडच्या दवाखान्यात.

"तिचा गुडघा किती उचलतो?"

मला माहीत नव्हतं.
रविवारी तो स्वतःच आला,
आईला तीनदा उंबरा ओलांडायला लावला,
दोरीला एक गाठ मारली
आणि पावसात चालता झाला.

सरळ झाडांकडे तो बघतही नाही.
वाकडी हवीत, वाऱ्यानं पिळलेली,
कड्यावर उभ्या उभ्या ज्यांची पाठ गेली अशी.
"बरगडी वाकवायची नसते,
वाकलेली शोधायची असते."
त्या शोधात अख्खा हिवाळा गेला.
मी दोनदा जाऊन भांडून आले.
दोन्ही वेळा तो वाकसाला धार लावत होता.

मग फळ्या चढल्या.
फटींत आलेर्सेची साल, पिळून,
लाकडी हातोडीनं ठोक ठोक ठोकलेली.
बैलांच्या दोन जोड्यांनी होडी पाण्यात ओढली
आणि त्यानं तळाचं बूच काढलं.

बुडाली.
शेजारी हसले. आईनं छातीवर क्रूस काढला.
"पिऊ दे तिला," चिग्वाय म्हणाला,
"कोरडी होडी पहिल्या लाटेला उघडते."

तीन रात्री मी कंदील घेऊन काठावर बसले,
पाण्याखालचे माझे नऊ पोती बटाटे राखत.
ओहोटीला ती दिसायची, भरतीला पुन्हा गडप.
चौथ्या दिवशी उपसली.
आत थेंब आला नाही.

तेव्हा दिसलं,
डावी कड एका जागी, हातभर लांबीत,
दोन बोटं कमी.
वाटलं, म्हातारा चुकला. बोलणारच होते,
तेवढ्यात आईनं घागरा धरला
आणि स्वयंपाकघरात जावं तशी
आत गेली.

आईला जाऊन सहा वर्षं झाली.
उत्तरेचा वारा सुटला की
नेमकं तिथूनच पाणी येतं.
मुलगा म्हणतो, पट्टी मारून घे,
चिग्वाय आहे तोवर.

माझ्याकडे दुधाच्या पावडरीचा डबा आहे.
उपसते.