हिरवी तार

नळाला हात लावला की मुंग्या येतात,
असं धनावडे सिस्टर म्हणाल्या तेव्हा मी म्हणालो,
हवाच दमट आहे. समुद्र इथून दोनशे पावलांवर.
हर्णैचं खारं वारं बिजागऱ्या खातं, छत्रीच्या काड्या खातं,
नळालाही काही होत असेल.
त्या हसल्या. पाच तारखेला भाडं दिलं
आणि सहापासून रबरी चपला घालून आंघोळ करू लागल्या.

मला ठाऊक होतं.
निळ्या पट्ट्यांच्या त्या चपला मोरीबाहेर वाळायच्या,
मी त्यांच्यावरून नजर नेऊन
सुपाऱ्या मोजत बसायचो.

शमीम परकार आली ती बँकेमुळे.
पर्यटकांसाठी तिसरी खोली काढायची होती,
कर्जाला वायरिंगचा दाखला हवा म्हणाले.
या घरात पहिला दिवा तिच्या बापाने लावला,
नझीरने. लाकडी पट्टी, दर वितीला एक क्लिप,
रेघ मारल्यासारखी सरळ.
आता लायसन तिच्या नावावर.

तिने आधी फ्यूज ओढला.
आत मी घातलेली तार, जाड, तांब्याची.
वादळाच्या साली सारखा जायचा, म्हणून.
ती काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली.
"भाटकरकाका, फ्यूज जातो म्हणून घर राहतं.
तुम्ही त्याचं जाणंच बंद केलंत."

मग विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठाय?
त्यावर मी कोबा केला होता. गाड्यांसाठी.
फोडला. खालून पत्रा निघाला
चुलीवरच्या पापडासारखा,
बोट लावू तिथे भोक.

मोरीत टेस्टर नळाला टेकवला.
दिवा लागला. अंधूक, गुलाबी,
कोळंबीच्या पोटासारखा.
गीझरमागे हिरवी तार दुमडून, वर चिकटपट्टी गुंडाळून
कोपऱ्यात सारलेली. कुठेच न जाणारी.
तीनशे रुपयांत गीझर बसवून देणारा पोरगा
मीच शोधला होता. चारचौघांत सांगितलंही होतं.

शमीम काही बोलली नाही.
ती दाराबाहेरच्या चपलांकडे बघत होती.

नवा खड्डा जांभ्यात खणायला दोन दिवस लागले.
नवी पट्टी, कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
मला हसू आलं.
एवढं मीठ या गावाच्या हवेत,
आणि घर वाचवायला विकत आणून पुरायचं.
उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घाला, ती म्हणाली,
जांभा कोरडा पडला की वीज घ्यायला नाकारतो.
घालतो. शेजारचे विचारतात, काय लावलंत?
काय सांगू.

बोर्डावर आता ईएलसीबी आहे,
त्यावर नखाएवढं बटण.
महिन्याच्या एक तारखेला दाबायचं.
खट्, आणि पंखे रेंगाळत थांबतात,
फ्रीज गप्प होतो, मागची लाट एकदम जवळ येते.
सिस्टर खोलीतून ओरडतात, "गेली काय हो?"
"गेली नाही, घालवली. जाते का बघत होतो."
जाते.

दाखला मिळाला. शिक्का, सही, तारीख.
काचेत घालून ओटीवर लावलाय,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

चपला अजून मोरीबाहेर वाळतात.
मी सिस्टरना अजून विचारलेलं नाही.