चौदा सेकंद

आवाज माझ्याकडे येतात, मी त्यांचे कागद करते.
चिलोए बेट, कास्त्रो गावचं कामगार न्यायालय, दुसरा मजला.
खिडकीला पाठ करून बसते,
खाडी दिसली की टंकताना चुका होतात.

आजची ध्वनिफीत चौदा सेकंदांची.
मुकादम: 'सोमवारपासून ये रे. कागदाचं बघू मागाहून.
रोजचे चाळीस हजार. सूट तुझा, हवा आमची.'
मग वारा.
मग कुठलासा समुद्रसिंह भुंकतो.
मग काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीच्या खाली
पाणबुड्याने पाठवलेला पिवळा अंगठा.

अंगठा कसा टंकायचा?
आमच्या नियमावलीत हुंदका आहे, खोकला आहे, अस्पष्ट आहे.
मी लिहिलं: अंगठा.
मग वाटलं, दिशा राहिली.
खोडून लिहिलं: अंगठा, वर.

रेनान रेमोल्कोय, वय बावन्न, राहणार केलेन.
सात महिने शिंपल्यांचे दोर साफ केले, अठरा मीटर खाली,
नळीच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला त्यांचा कंप्रेसर.
मार्चात डावा खांदा धरून वर आला
तो पुन्हा उतरला नाही.
कंपनी म्हणते, असा माणूस आमच्या यादीत नाही.
घेताना अंगठा घेतला,
देताना अंगठा दाखवला.

एक सही आहे म्हणा.
दुसऱ्या महिन्यात फोनवर काहीतरी आलं होतं,
त्यावर त्याने बोटाने केलेली.
वकील म्हणाले, 'ही सही? ही तर रेघ.'
'बोट ओलं होतं. होडी हलत होती.'
'यात नाव तरी वाचता येतं का?'
'माझं नाव मला पाठ आहे, साहेब.'

वकीलसाहेब सान्तियागोला होते, भिंतीवरच्या पडद्यात.
तीनदा थिजले, एकदा तर तोंड उघडं ठेवून.
आम्ही सगळे त्या तोंडाकडे बघत थांबलो.
हजेरीत मी लिहिलं: उपस्थित.
त्यांचं वकीलपत्रही तारेवरून आलेलं,
खाली सहीच्या जागी आकड्यांची लांबलचक माळ, हात कुणाचाच नाही.
ग्राह्य.
मी काही बोलले नाही. मला बोलायचा पगार नाही.

माझ्या बापाचं घर बैलांनी ओढून टेकडीपलीकडे नेलं होतं,
अख्खं, खिडक्यांच्या पडद्यांसकट.
सत्तर माणसं, चौदा जोड्या, कागद एकही नाही.
पुढची तीन वर्षं बाप एकेकाच्या बटाट्यांच्या काढणीला जात राहिला.
पाठ धरली तरी गेला.
ज्या एकाने शब्द देऊन दोर धरला नाही
त्याचं नाव मी लिहू शकते, पण आमच्याकडे ते घेत नाहीत.

न्यायाधीशबाईंनी एकच विचारलं:
'हवा कोणाची होती?'
'प्रश्न कळला नाही.'
'अठरा मीटर खाली. तो जी हवा ओढत होता, ती. कोण भरत होतं?'

वकीलसाहेब पुन्हा थिजले.
हे नोंदीत येणार नाही, पण तेव्हा
नेटवर्कच्या चारही काड्या भरलेल्या होत्या
आणि त्यांच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता.

निकाल अकरा दिवसांनी.
जबाबावर सही हवी, ती हल्ली काचेवर घेतो.
मी पाटी त्याच्यापुढे सरकवली.
त्याने बोट विजारीला पुसलं,
जरा थांबला, पुन्हा पुसलं.
उमटली ती तीच रेघ,
शेवटाला गळासारखी वळलेली. होडी नव्हती, पाणी नव्हतं.

'चालेल ना ही?' त्याने विचारलं.
'चालेल,' म्हटलं मी.
तोंडी.