आत येऊ नये

वडनेरेशेठ म्हणाले, दुकान दिसत नाही.
भांडी बाजारात दिसतं, आंधळ्यालासुद्धा,
ठोक्यांच्या आवाजावरून.
गुगलवर नाही.
नातू शोधत नवव्या पानापर्यंत गेला,
परत येऊन म्हणाला, पुढे वस्तीच नाही.

गल्ल्याशेजारच्या स्टुलावर मी लॅपटॉप मांडला.
मागच्या खोलीत करडेमामा घंगाळ मठारत होते.
एक ठोका, आणि त्याच्या आधीचा
एवढासा श्वास.

पहिल्याच तासाला पाटी सापडली.
साइट बांधताना सातपूरच्या कुणा पोराने
शोधत येणाऱ्या यंत्रांसाठी
एका फाइलीत एक ओळ लिहून ठेवलेली:
काम चालू आहे, आत येऊ नये.
काम संपलं. पोरगा पुण्याला गेला.
तीन दिवाळ्या शेठ जाहिरातीवर पैसे ओतत राहिले
आणि दाराशी येणारं प्रत्येक यंत्र
ती पाटी वाचून
मुकाट्याने मागे फिरलं.

ओळ पुसली.
एवढंच? शेठ म्हणाले.
याचेच पैसे का, हे तोंडाने नाही,
भुवईने विचारलं.

मग निघाले दोन पत्ते.
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक, न लावता दुसरा,
दोन्हीकडे तोच हंडा, तीच किंमत.
यंत्राला कळेना, खरं दुकान कुठलं.
म्हटलं, दोन तोंडं गोदाघाटावरच्या मारुतीला शोभतात,
आपण एकच ठेवू, दुसऱ्याची वाट याच्याकडे वळवू.
शेठ हसले,
आणि लगेच घाटाच्या दिशेने हात जोडले.

समईचा फोटो बारा एमबीचा,
भाच्याच्या लग्नातल्या कॅमेऱ्याचा.
गिऱ्हाईक ओझरला, रेंजची एकच कांडी,
समई उमटेपर्यंत तेल संपायचं.
वजन उतरवायचं, चकाकी नाही.
मामा आतून म्हणाले, पत्रा पातळ करताना
काठ सांभाळ.
ते माझ्याशी बोलत होते की घंगाळाशी,
अजून माहीत नाही.

बंबाचं पान कुणीतरी काढून टाकलेलं.
बंब आता इथे कुणी करत नाही,
तरी महिन्याला अकरा जण त्या बंद दारावर टकटक करतात.
त्यांना घंगाळाच्या पानावर पाठवलं.
बरोबर केलं का, कुणास ठाऊक.

शेवटी राहिल्या फोटोंमागच्या ओळी,
ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठीच्या.
मी लिहिलं: तांब्याचा हंडा.
मामा चष्मा पुसत मागे उभे.
नुसता हंडा? कोण वाचणार हे?
ज्यांना दिसत नाही ते, मामा. फोन त्यांना वाचून दाखवतो.
मामा खाली बसले.
मग लिही, पोट गोल, गळा आवळ,
काठ असा, की दोरी सरकत नाही.
वाजवला तर आवाज उशिरा थांबतो.
नियमाने ओळ लांब झाली.
राहू दिली.

पाचव्या आठवड्यात दुकान चौथ्या नंबरवर आलं.
शेठच्या फोनवर मात्र पहिल्या,
कारण शेठ रोज दहादा स्वतःलाच शोधतात
आणि फोनला माणसाची आवड कळते.
त्यांनी समोरच्या बोहरींना दाखवलं, चहावाल्याला दाखवलं,
बिल एक रुपयाही न कापता दिलं.
मी काही बोलले नाही.

निघताना दुकानाचा फोन वाजला.
कोपरगावहून एक बाई. किंमत विचारली नाही,
रंग विचारला नाही.
तुमच्याकडे एक हंडा आहे म्हणे,
त्याचा आवाज उशिरा थांबतो.
ऐकवता का?

मामांनी हंडा दोरीला टांगला,
बोटाच्या पेराने एकदाच टिचकी मारली.
शेठनी फोन हंड्याच्या तोंडाशी धरला.
रस्त्यावर रिक्षा कोकलत होती,
तिला हाताने गप्प करायला मी बाहेर धावले.