शेवटच्या गल्लीची तक्रार

एकतीस वर्षं मी जालन्यात पाणी सोडलं.
छातीइतकी उंच किल्ली, रस्त्यातलं झाकण,
अडीच फेरे कसब्याला, चार कादराबादला,
आणि वहीत वेळ.

बाबूमियाँनं शिकवलेलं:
किल्लीची मूठ कानाला लाव.
भरून वाहणारा पाइप बोलत नसतो.
चोंदलेला फुसफुसतो.

डोईफोडे मॅडमनी दंडाला पट्टा तीनदा गुंडाळला.
एकशे नव्वद. पुन्हा एकशे नव्वद.
तीन गोळ्या चालू असताना.
मग बेंबीच्या वर, जरा डावीकडं
स्टेथोस्कोप टेकवला आणि गप्प झाल्या.
कान लावलेल्या माणसाचं गप्प राहणं मला कळतं.
"कुठं चोंदलंय?" मी म्हणलो.
त्यांनी वर पाहिलं.

चिठ्ठीच्या पाठीमागं त्यांनी
घेवड्याच्या दोन बिया काढल्या.
ही मूत्रपिंडं, मुठीएवढी, पाठीला टेकून.
दिवसाला बारा घागरी गाळतात
(त्या लिटरमध्ये बोलल्या, घागरी मी केल्या).
रक्त चाळणीवर येतं, दाबानं झिरपतं,
लाल ते वरच राहतं,
खाली उतरतं पाणी, मीठ, साखर, मळ.
खरं काम त्याच्यापुढं:
केसाहून बारीक वेटोळ्यांतनं
उतरलेलं परत उचलायचं,
साखर कणन् कण,
मीठ मोजून,
पाणी अंगाला लागेल तेवढं.
बारा घागरींतलं बाहेर सोडायचं
तांब्या-दीड तांब्या.
मे महिन्यात त्याहून कमी, पिवळंजर्द,
कारण वरून हुकूम येतो, धरून ठेव.

मी म्हणलो, मॅडम,
असा एक माणूस नगरपालिकेला द्या.

हसल्या. मग पेन एका नळीवर थांबलं.
ही तुमची आत अरुंद झालीय.
पलीकडं रक्त कमी पोचतं,
तर त्या मूत्रपिंडाला वाटतं
सगळ्या अंगातलाच दाब उतरला.
ते निरोप धाडतं:
नळ्या आवळा, मीठ धरा, पाणी धरा.
दाब वाढतो. डोक्यात, छातीत, डोळ्यांत वाढतो.
फक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही.
म्हणून ते पुन्हा निरोप धाडतं.

मला वीटभट्टीमागची गल्ली आठवली.
घाणेवाडीत पाणी होतं त्या साली, तरी
सत्यभामा घुगे रोज पहाटे हंडा आपटायची,
"थेंब नाही आला. कामून नाही आला?"
मी चाराचे पाच फेरे केले. पाचाचे सात.
वरच्या आळीत दोन जोड फुटले,
गजभारे टेलरच्या दुकानात फवारा उडाला,
लग्नाचे अकरा ब्लाउज भिजले,
आणि सत्यभामा तिथंच, रिकाम्या हंड्याशी.
आम्ही तिला भांडकुदळ म्हणायचो.
पावसाळ्यानंतर खोदलं तेव्हा
पाइपात कडुनिंबाची मुळी निघाली,
वेणीसारखी जाड.

ती खोटं बोलत नव्हती.
मीही चावी उगाच फिरवली नव्हती.

येत्या मंगळवारी संभाजीनगरला
जांघेतनं तार घालून बघणारेत,
जमलं तर जाळी बसवणारेत.
तोवर भाकरीत मीठ नाही, ठेच्यात नाही,
लोणच्याची बरणी बायकोनं
माळ्यावर, माझा हात पुरणार नाही तिथं ठेवलीय.

रात्री तीनला जाग येते. पूर्वी याच वेळी
सायकल काढायचो.
आता मोरीपर्यंत जातो,
अंधारात उभा राहतो,
आजचा माझा वाटा
कुणीतरी मोजून सोडतंय.
डाव्या कुशीमागं तळहात ठेवतो.
ऐकू काही येत नाही, हाताला कान नसतात.
तरी म्हणतो,
आलं ध्यानात, बाई. खोदायलोत.

बाहेर कुठंतरी झाकण वाजतं.
नवा पोरगा आलाय पाण्यावर.
फेरे मोजतो मी पडल्या पडल्या. तीन.
चौथा कामून फिरवला नाही यानं?