उतरती तार

त्या वर्षी हल शहरात पियानोची तार मिळत नव्हती.
सगळं पोलाद कुठं चाललंय
ते रात्री आभाळात ऐकू यायचं.

ट्रेडगोल्डसाहेब म्हणाले, हेस्टर, टॉर्च घे,
आणि आम्ही पॅजेटबाईंच्या घरी गेलो.
म्हणजे जिथं घर होतं तिथं.
जिना अर्ध्यावर जाऊन थांबलेला,
पियानो मात्र बैठकीत, आपल्या पायांवर,
अंगभर चुना, दातांत विटांचा भुगा.
बेव्हर्लीहून बाईंचं कार्ड आलं होतं:
हवं ते काढून न्या. मांजर दिसलं तर कळवा.

मांजर नव्हतं.
एक तार काढली, सोळा नंबरची,
वेटोळं करून कोटाच्या खिशात,
रेशनच्या पुस्तकाशेजारी.

दुपारी मासळीवाल्यांच्या कँटीनमध्ये
कोबीचा वास, चहाचा हंडा,
आणि उघडं पोट घेऊन उभा पियानो.
एका सुराला तीन तारा, साहेब शिकवायचे,
तिघींनी एका तोंडानं बोलायचं.
दोघी इथल्याच. तिसरी ही, आणलेली.
खुंटी पिळली, चढली.
चहा ओतेपर्यंत उतरली.
पुन्हा चढवली, पुन्हा उतरली,
सासरी आलेल्या पोरीसारखी,
जीव अजून त्या चुन्याच्या खोलीत.

लहर ऐकू येते? त्यांनी विचारलं.
येते.
मला नाही येत गं, मेपासून.
थांबली की सांग.

दारात माणसं जमली होती,
बाह्यांवर खवले, हातात डबे.
मी म्हटलं, थांबली.
थांबली नव्हती.

लिंडाउअरबाई व्हिएन्नाच्या,
दर सोमवारी पोलिसांत हजेरी लावणाऱ्या.
बोटं कापलेले हातमोजे काढून
त्या शत्रूच्याच मुलखातलं काहीतरी संथ वाजवू लागल्या,
आणि तो सूर अकरा वेळा आला.
मी बूट बघत मोजले.
डबा कुणी उघडला नाही.

सगळे पाळीवर परतल्यावर
बाईंनी ती एकच पट्टी दाबली,
विझेपर्यंत दाबून धरली.
ही इथली नाही, त्या म्हणाल्या.
नाही, बाई.
साहेबांनी किल्ली काढली.
असू दे, त्या म्हणाल्या,
आणि झाकण स्वतःच्या हातानं लावलं.

रात्री काळ्या पडद्यामागं बसून
मी बेव्हर्लीला कार्ड लिहिलं:
तार लागली.
खाडून पुन्हा लिहिलं:
तार लावली.
मांजर अजून नाही.