रंगीत तालीम

सकाळी नऊ. ग्रिम्सबी, टाउन हॉलचं तळघर.
दारावर कागद: हा सराव आहे.
प्रत्येक पानाच्या डोक्यावर, पायथ्याशी तेच,
सराव, सराव, सराव.
सँडविचच्या ताटावरसुद्धा कुणीतरी गमतीनं चिकटवलंय.

मला काम दिलंय खोटं बोलायचं.
बाकी सगळे वाचवणारे: पूरखात्याची मॉरीन टास्कर,
पोलिसांचा ओल्ड्रॉइड, पाणी कंपनीचा पोरगेला इंजिनियर.
आणि मी, तेरा वर्षं कौन्सिलची पत्रकं लिहिणारी,
आज शत्रू.

पहिली अफवा फसली. फारच भयंकर होती.
मग कळलं, खोट्याला एक खरं हाड लागतं.
गोदीमागचा पंप खरोखरच बंद आहे, रंगकामासाठी.
तेवढं घेतलं. वर एक आई घातली:
"धाकटी रात्रभर ओकतेय. कुणाला सांगू नका, पण..."
'सांगू नका' लिहिलं आणि कंडी पिकली.
नऊ चाळीसला सोडली.
दहा दहाला कागदावरच्या गावात
बाटल्या संपल्या, दोन दुकानं फुटली,
दवाखान्याच्या रांगेत एक म्हातारा कोसळला.
त्याला मी नाव दिलं नव्हतं.
मॉरीननं दिलं. आर्थर.

चहाच्या वेळी तिला म्हटलं,
आमच्याकडे एका चिठ्ठीत कुणीतरी ध चा मा केला,
धरायचा होता तो पोरगा मारला गेला.
तिचं बिस्किट कपावरच थांबलं.
"पण चिठ्ठी वाचून कुणी उलट विचारलं नाही?"
शाळेत बाईंनी आम्हाला सन विचारला होता.

दुपारभर ते एका वाक्यावर अडले:
'आम्हाला अजून माहीत नाही.'
वकिलानं खोडलं. ओल्ड्रॉइडनं परत लिहिलं.
वकिलानं पुन्हा खोडलं, या खेपेला दोन रेघांनी.
तोवर मी आणखी चार सोडल्या.
पुढची लिहावीच लागली नाही,
ती त्यांच्या गप्प बसण्यातून
आपली आपण उगवली.

चारलाच अंधारलं. टाळ्या झाल्या.
"तुला छान जमतं हं," सगळे म्हणाले,
कोट चढवताना, जरा लांबूनच.

घरी आले. नळ सोडला. ग्लास दिव्यासमोर धरला.
पाणी धुरकट, मग तळापासून निवळत गेलं.
हवेचे बुडबुडे. रोजचेच.
हसले. प्यायले.
मग दोन पातेली काठोकाठ भरून
झाकून ठेवली.